स्पेनचं सुतक

आमच्या वन्सं पुस्तकातलं माणूस मेलं तरी आंघोळ करत. तीही डोक्यावरून, आणि जानेवारीत.

नोएडातला जानेवारी ज्यांनी काढला नसेल त्यांना यातलं धाडस कळायचं नाही. सकाळी नळाच्या पाण्यात हात घातला की तो आपला आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही. आमच्याकडे गीझर होता, पण लाइट असली तर त्याचा उपयोग. वन्सं लाइटची वाट बघत नसत. वाचता वाचता थांबायच्या, चष्मा काढायच्या, पुस्तक पालथं ठेवायच्या. "गेला," एवढंच म्हणून टॉवेल घेऊन बाथरूममध्ये शिरायच्या. मग आतून पहिल्या तांब्याचा आवाज आणि पाठोपाठ देवाचं नाव.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. केंद्र सरकारच्या कचेरीत सगळा जन्म टायपिंग केलं. रिटायर झाल्या आणि सरकारी क्वार्टर सोडून आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हा आमचा सेक्टर नवा होता. अर्ध्या प्लॉटवर घरं, अर्ध्यावर गवत आणि विटांचे ढीग. रोज नवी कंपनी, नवं दुकान, नवं काहीतरी उघडत होतं. वन्संनी पहिले काही महिने गॅलरीत बसून ते उघडणं पाहिलं. मग एक दिवस दिल्लीला विद्यापीठात जाऊन स्पॅनिशच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालून आल्या.

"अक्का, स्पॅनिश कशाला?" हे म्हणाले. "गुडघ्यांचा व्यायाम कर. भजनाला जा."

"मराठीत मला वडील ओरडले," वन्सं म्हणाल्या. "हिंदीत साहेब ओरडला. इंग्रजीत सरकारनं मेमो दिले. मला अशी एक भाषा हवी की जिच्यात मला अजून कोणी काही बोललेलं नाही."

यावर यांनी वर्तमानपत्र उलटं केलं, झालं.

पहिल्या वर्षी सगळं ठीक होतं. माझं नाव अमुक, माझं घर मोठं आहे, बाजारात टोमॅटो मिळतात. कोणी मेलं नाही. दुसऱ्या वर्षी गोष्टी आल्या आणि तुरळक माणसं जायला लागली. तिसऱ्या वर्षी वाङ्मय सुरू झालं आणि आमच्या घरावर अवकळा आली. नाटकात मरत, कादंबरीत मरत, कवितेत तर आधीच मेलेले असत. जेवायला बसताना हे विचारायचे, "आज कोण?"

सुतकाचे नियम वन्संनी स्वतः बसवले होते. मुख्य माणूस गेलं तर डोक्यावरून आंघोळ आणि त्या दिवशी गोड नाही. किरकोळ माणूस गेलं तर अंगावरून. एका कादंबरीत घोडा मेला तेव्हा नुसते पाय धुतले. कवी स्वतः शेकडो वर्षांपूर्वी गेलेला असला तरी सूट नाही. "सुतक कळल्यापासून धरायचं असतं, विमल," मला म्हणायच्या. "मला आज कळलं."

आमची मनू तेव्हा शाळेत होती. दिल्लीकडेच वाढलेली, तिला सुतक हा शब्दच ठाऊक नव्हता. शेजारच्या सक्सेनाबाईंनी तिला विचारलं, "बेटा, बुआजी रोज सवेरे ठंडे पानी से क्यों नहाती हैं?" मनू म्हणाली, "आंटी, स्पेन में कोई मर जाता है." सक्सेनाबाई बिचाऱ्या संध्याकाळी भेटायला आल्या. पांढरी साडी नेसून. वन्संनीही त्यांना बसवून घेतलं, कोण गेलं, कसं गेलं, ते सांगितलं. सक्सेनाबाई डोळे पुसत घरी गेल्या. त्या नक्की कोणासाठी रडल्या ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नसावं.

एकदा मी भीत भीत म्हटलं, "वन्सं, ती खरी माणसं नाहीत हो. ताप यायचा तुम्हाला."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "त्यांचं कोण आहे? लेखकानं मारलं आणि पुढच्या पानावर गेला. कोणीतरी नको?"

वर्गात सगळी तरुण मुलं. त्यांना नव्या परदेशी कंपन्यांत नोकऱ्या हव्या होत्या, वाङ्मयात कोण मेलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. वन्संच्या वयाचे एकच, चोप्रा म्हणून बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. ते नोएडातच पलीकडच्या सेक्टरमध्ये राहायचे, त्यामुळे येताना दोघं एका बसनं येत. वन्सं घरात शिरल्या की चपला काढायच्या आधी त्यांचं गाऱ्हाणं सुरू.

"तो चोप्रा! शुद्ध ढ माणूस. इतकी वर्षं बँकेत काय केलं कोण जाणे. बसमध्ये सारखा बोलतो. मुळ्याचे पराठे आणतो आणि सगळ्या वर्गाला वास. आज मला म्हणतो, ताईजी, कुणी मेलं तर तुम्ही आंघोळ करता, मग कुणाचं लग्न झालं तर काय करता? मूर्ख!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पराठा खाल्ला."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. जोडीजोडीनं एका नाटकातला प्रवेश परीक्षकांसमोर म्हणायचा. तो म्हटल्याशिवाय पास नाही. वन्संनी म्हातारा-म्हातारीचा प्रवेश घेतला होता. विझलेल्या चुलीपाशी बसून दोघं भांडतात, एवढाच. म्हातारा अर्थातच चोप्रा. वन्संनी त्यांची वाक्यं त्यांना देवनागरीत लिहून दिली होती. महिनाभर तालीम बसमध्ये चालली. कंडक्टरलाही पाठ झालं असेल.

परीक्षा तोंडावर आली आणि चोप्रा वर्गात आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी एका मुलानं सांगितलं, "मॅम, अंकल तो एक्सपायर हो गए. हार्ट अटॅक." वन्सं घरी आल्या, आधी चपला काढल्या आणि खुर्चीत बसल्या. मला वाटलं पुन्हा पुस्तकातलंच कोणीतरी. मग त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी लाइट होती. मी गीझर लावला आणि म्हटलं, "वन्सं, पाणी तापतंय."

"बंद कर," त्या म्हणाल्या. "माझा काय संबंध? त्यांचे मुलगे आहेत, सुना आहेत. करतील ते."

दुसऱ्या दिवशी त्यांचा चौथा होता. पंजाबी लोकांत सगळे भेटायला येतात तो दिवस. वन्संनी मला बरोबर घेतलं. मंदिराच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेल्या, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. समोर हार घातलेला फोटो. फोटोत चोप्रा फार गप्प दिसत होते. आम्ही भिंतीला टेकून बसलो. सून जवळ आली. हात जोडून म्हणाली, "आंटीजी, आप डैडी के बैंक से?"

मला वाटलं वन्सं आता विद्यापीठाचं सांगतील.

"जी," वन्सं म्हणाल्या.

"आप लोग आए, अच्छा लगा," सून म्हणाली. "डैडी तो घर में किसी से बात ही नहीं करते थे. शाम को टहलने निकल जाते थे, बस."

वन्संनी मान हलवली. नंतर रिक्षात बसेपर्यंत त्या मान हलवत होत्या.

मग पुस्तकं बंद झाली. वन्सं पुन्हा गॅलरीत बसायला लागल्या. समोर कुठल्याशा कंपनीची काचेची इमारत चढत होती, ती बघत. वर्गातला एक मुलगा फोनवर म्हणाला, मॅम, मैं कर दूँगा अंकल का रोल. वन्संनी त्याला नको सांगितलं. शिकवणाऱ्या बाईंचाही फोन आला. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्याची वाक्यं मी स्वतः वाचीन, तुम्ही फक्त या. तीन वर्षं घालवू नका.

"बघते," वन्सं म्हणाल्या. बघते म्हणजे नाही, हे मला कळत होतं. यांनाही कळलं. हे म्हणाले, "अक्का, आता जेवताना आम्ही विचारायचं तरी कोणाचं?" नेहमीसारखी थट्टा करायला गेले आणि लगेच वर्तमानपत्रात शिरले.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी भाजी निवडत होते. तालमीचे कागद टेबलावर होते. चोप्रांच्या वाक्यांची एक प्रत वन्संनी स्वतःजवळ ठेवली होती. मी चौथी शिकलेली. मोठ्यानं तर शाळा सुटल्यापासून कधी काही वाचलं नव्हतं. पण अक्षरं आपलीच होती. मी हात पुसले आणि गॅलरीत गेले.

"वन्सं, मी म्हणू का म्हाताऱ्याचं? चुकलं तर सांगा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाय खाली घेतले आणि मला जागा करून दिली.

मी वाचायला लागले. अर्थ कळत नव्हता. देवाची पोथी वाचावी तशी एक एक अक्षर धरून वाचत होते. म्हातारा एक म्हणायचा, वन्सं फाडकन उत्तर द्यायच्या. त्यांचा आवाज चढायला लागला. भांडण छान चाललं होतं. मग एक वाक्य आलं, "तेंगो लास मानोस फ्रीयास." मी ते न अडखळता वाचलं आणि मला बरं वाटलं.

वन्संचं उत्तर आलं नाही.

"चुकलं का?"

"नाही ग. बरोबर वाचलंस. माझे हात गार पडलेत, असं म्हणतो तो." पदरानं त्यांनी चष्मा पुसला. "सोमवारी परीक्षेत बाईसुद्धा असंच बरोबर वाचतील. त्याची सवय करायला हवी मला. बसमध्ये ते इथे रोज अडकायचे, दोन शब्द म्हणून. पुढचा आठवायचाच नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसायचे." मग म्हणाल्या, "विमल, एकदा तसं वाच ना."

मी पुन्हा कागद धरला. "तेंगो लास," म्हटलं आणि थांबले. पुढचा शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता. मी वन्संच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मानोस," वन्सं म्हणाल्या. "मानोस, चोप्राजी."