सासूबाईंचं तांब्याचं पाणी

राजारामपुरीत सिकंदरसारखा प्लंबर नाही, असं निदान सिकंदरचं तरी ठाम मत होतं. सासूबाईंचं नव्हतं. त्यांचं, म्हणजे शहाजादींचं, आजऱ्यात नवं घर उठत होतं आणि नळांचं काम घरचा जावई सोडून भलत्यालाच द्यायचं त्यांनी मनात घेतलं होतं! इभ्रतीचाच सवाल की हो!

लेकीकडं राहायला आल्या की त्या रात्री तांब्याच्या कळशीत पाणी ठेवायच्या आणि सकाळी प्यायच्या. सिकंदरनं संधी हेरली.

“अम्मी, कळशीची कटकट कशाला? नळालाच तांबं जोडतो की!”

घरच्या जुन्या लोखंडी पाइपात त्यानं वीतभर तांब्याचा तुकडा बसवला.

“दोन धातूंचं जमतंय का एकमेकांशी?” बायकोनं, नसरीननं विचारलं.

“मला शिकवतीस व्हय!”

सहा महिन्यांनी सासूबाई पुन्हा आल्या, तर सकाळचं पहिलं पाणी चक्क तांबूस!

“बघा अम्मी, तांबं उतरलं!”

सासूबाईंनी दोन पेले रिचवले. “गुण हाय हां पोराच्या हातात!”

सिकंदरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या धोंडुबाई बाटली घेऊन आल्या, मागोमाग निम्मी गल्ली आली. इकडं नसरीनचा पांढरा भात चहात शिजवल्यासारखा दिसायला लागला.

“बिर्याणी म्हणून वाढ!” सिकंदर म्हणाला.

शेवटी सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, “मजबूत हाय नव्हं काम?”

“हत्ती बांधा, अम्मी!” म्हणत त्यानं पाइपावर पाना हाणला.

तांबं शाबूत राहिलं. त्याला लागून असलेलं लोखंड मात्र बिस्किटासारखं तुटलं आणि लाल पाण्याचा फवारा थेट सासूबाईंच्या पांढऱ्या ओढणीवर!

कॉक बंद झाल्यावर सासूबाईंनी तो तांब्याचा तुकडा उचलून निरखला.

“ह्यो तर जरासुदिक झिजला न्हाय. मग आमी प्यालो ते काय?”

पाण्यात तांबं आणि लोखंड चिकटून बसलं की तांबं मजेत राहतं आणि लोखंड बिचारं गंजून संपतं. हे सिकंदर उमेदवारीतच शिकला होता. आठवलं मात्र आत्ता!

“गंज, अम्मी.”

धोंडुबाईंनी हातातली बाटली हळूच मोरीत ओतली.

“ह्याला इलाज?”

“दोघांच्या मधी प्लास्टिकचा जोड घालायचा. एकमेकांना लागलं न्हाय, की गंज थांबला.”

सासूबाईंनी ओढणी पिळली. “खरं बोललास. आजऱ्याचं काम तुलाच.”

सिकंदरची कळी खुलली.

“पर तू आन् माझा पाइप, दोघांच्या मधी नसरीन ऱ्हाईल!”

आजऱ्याचं काम झकास चाललंय. पान्यांची पिशवी तेवढी नसरीनच्या खांद्याला असते.