यासीन परकार आणि पाहुणा डोंगर

डोंगराला कहवा ओतणारा माणूस कामावर असताना मेला, तर त्याला घरी जायची रजा मिळते की नाही? हे मी त्या राज्यात पोलिसापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारलं.

मेलेला माणूस माझा थोरला भाऊ, यासीन परकार. आमचं गाव कोकणात, खाडीच्या काठाला; मी तिथे जुनी होडी चालवतो. भाई तिकडे अरबांच्या मुलखात एका राजाच्या राजवाड्यात कहवा, म्हणजे तिकडची वेलची घातलेली कॉफी, ओतायच्या कामावर होता. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा अम्मा मला एवढंच म्हणाली, "मुनाफ, जा आणि माझ्या लेकाला घेऊन ये." मी तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो.

राजवाड्याच्या अंगणात डोंगर बसला होता.

तो मूळचा वाळवंटातला. त्याच्या पोटात तांबं आहे हे दोन परक्या देशांना एकाच वेळी कळलं, आणि दोघांनीही खाणीचा हक्क मागितला. मोजणीची माणसं आली, पोटाला भोकं पडू लागली. तेव्हा डोंगर उठला, चालत राजधानीत आला, राजाच्या अंगणात बसला आणि म्हणाला की मी पाहुणा आहे. त्या राज्यात पाहुण्याच्या अंगाला हात लावत नाहीत. राजाने त्याच्या पाठीला उशा लावायला सांगितल्या आणि कहवा मागवला. तेव्हापासून तो ओतायचं काम भाईकडे होतं.

दोन्ही देशांनी बोलणी करायला पाठवलेले वकीलही मग अंगणातच येऊन बसले. डोंगराच्या एका अंगाला ऊन असायचं, दुसऱ्या अंगाला सावली. त्यामुळे नोकरमाणसं त्यांना उन्हातले आणि सावलीतले म्हणायची. उन्हातल्यांनी डोंगरासाठी जहाजाच्या शिडांची छत्री शिवून आणली. सावलीतल्यांनी बॅण्ड आणला. उन्हातल्यांनी राजाला शाळा बांधून दिली, तर सावलीतल्यांनी त्याच शाळेवर दुसरा मजला चढवला. डोंगराने एकदा आपल्याकडे बघून म्हणावं, की तांबं यांना द्या, एवढ्यासाठी हे सगळं चाललं होतं. डोंगर काही म्हणत नव्हता. राजालाही घाई नव्हती. त्याला आता दवाखाना हवा होता.

मला राजवाड्याच्या कारभाऱ्यापुढे उभं केलं. सुवैलिम त्यांचं नाव. माणूस सभ्य होता. मल्याळी मुकादम मोइदूक्का त्यांचं बोलणं मला समजावून सांगत होते. राजवाड्यात कोणी मेलं तर ते अंगणात मोठ्याने पुकारावं लागतं, त्याशिवाय मयत सोडता येत नाही. आणि पाहुण्यासमोर वाईट बातमी सांगायची नाही, असा रिवाज. पाहुणा तर अंगणातच बसलेला.

"मग माझा भाऊ आहे कुठे?" मी विचारलं.

"बर्फाच्या खोलीत."

"म्हणजे मेलाय ना?"

सुवैलिमनी थोडा विचार केला. "खोलीत मेला आहे," ते म्हणाले. "अंगणात अजून नाही."

मी समोरचं पितळी तबक लाथेने उडवलं. कोणी रागावलं नाही. एकाने ते उचलून पुसलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. पाहुणा उठेपर्यंत थांब, असं मला सांगण्यात आलं. पाहुणा कधी उठेल हे त्याला विचारणंही रिवाजात बसत नव्हतं.

मी अम्माला फोन केला आणि अडचण सांगितली. ती म्हणाली, पाहुण्याला सांग, घरात मयत आहे, तो समजून घेईल. मी म्हटलं, तेच तर सांगायचं नाही. "असले कसले रे लोक," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोइदूक्कांनी भाईचा लांब पांढरा झगा माझ्या हातात दिला. जागा रिकामी ठेवता येत नव्हती, आणि माझा चेहरा भाईसारखा आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. डोंगराची नजर काही फार बारीक नाही, ते म्हणाले. झगा मी नाकाला लावला. त्याला वेलचीचा वास येत होता आणि थोडा भाईचा. मी तिथेच बसून रडलो. मोइदूक्का तोंड फिरवून उभे राहिले आणि मग शिकवायला लागले: किटली डाव्या हातात, पेला उजव्या, पाहुण्यासमोर बसायचं नाही, पाठ दाखवायची नाही. तेवढ्यात छत्रीचा खांब बॅण्डवर पडला आणि ते तिकडे धावले. पेला किती भरायचा हे सांगायचं राहून गेलं. तिथे ते लहान पोरालाही माहीत असतं, म्हणून दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अंगणात जाताना उन्हातल्यांच्या वकिलाने मला बाजूला घेतलं आणि डोंगराच्या कानात आमचं नाव घाल, तुझ्या होडीला नवं इंजिन देतो, म्हणाला. चार पावलांवर सावलीतल्यांचा वकील होता. त्याने होडीच देऊ केली. दोघांनाही मी हो म्हटलं, कारण ते वाटेत उभे होते.

पहिला पेला भरताना सांडायच्या भीतीने मी किटली लगेच सरळ केली, त्यामुळे तो जेमतेम तळ ओला होईल इतकाच भरला गेला. तेच बरोबर होतं, हे मला ठाऊक नव्हतं. डोंगराला मधोमध एक कपार होती. तिथून तो प्यायला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तू यासीन नाहीस," तो म्हणाला. "तो कुठे आहे? बरा आहे ना?"

सुवैलिमनी ओठांवर बोट ठेवलं. बॅण्ड थांबला. मी त्या राज्यात आलो तेव्हापासून भाईबद्दल जो तो रिवाज सांगत होता. तो बरा आहे ना, असं विचारणारा हा पहिलाच. मला उत्तर द्यायची बंदी होती. आमच्याकडे कोणी आपल्या माणसाची अशी मायेने विचारपूस केली, की बोलता येत नसलं तरी त्याचा पेला बशीत सांडेल इतका भरतात. अर्धा पेला म्हणजे अर्धं मन. मी किटली वाकडी केली आणि काठोकाठ भरला.

मोइदूक्कांचा हात कपाळावर गेला.

त्या मुलखात भरलेल्या पेल्याचा अर्थ एकच: प्या आणि निघा.

डोंगराने पेला संपवला. जराही रागावला नाही. त्याने राजाचे आभार मानले, उशा नीट बाजूला लावल्या आणि उठला. फाटकातून जाताना तो अंग आकसून गेला, तरी कमानीचा वरचा भाग त्याच्याबरोबर गेला.

अंगणात अचानक खूप ऊन पडलं. राजाने हळहळत दवाखान्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, पण रिवाज म्हणजे रिवाज. पाहुणा गेला होता. सुवैलिम पुढे झाले आणि त्यांनी मोठ्या आवाजात पुकारलं, की कहवा ओतणारा यासीन परकार वारला. सगळे उभे राहिले. राजाही. भाई आता अंगणातही मेला.

दोन्ही वकील मात्र तिथे नव्हते. दुसऱ्याने पोराला विकत घेतलं, असं एकमेकांवर ओरडत दोघेही फाटकाबाहेर पळाले होते. फाटकाबाहेर डोंगर कोणाचा पाहुणा नव्हता. मी पोचलो तोवर त्याच्या एका गुडघ्यावर उन्हातल्यांचा झेंडा होता, दुसऱ्यावर सावलीतल्यांचा, आणि माणसं पोटाला टेप लावत होती. भाईने इतकी वर्षं ज्याला सांभाळलं, त्याला मी एका पेल्यात बाहेर काढलं होतं.

"भाई गेला," मी डोंगराला म्हटलं. "आतमध्ये सांगायचं नव्हतं."

डोंगराच्या अंगावरून थोडे दगड घरंगळले.

"आमच्या घरी चल," मी म्हटलं. "मी बोलावतो तुला."

"मयताला बोलवायचं नसतं," तो म्हणाला. "कळलं की निघायचं."

सुवैलिमनी भाईची शवपेटी फाटकाबाहेर पाठवली, ती डोंगराने स्वतःच्या खांद्यावर घेतली, मलाही शेजारी बसवलं. बंदरावरच्या अंमलदाराने विचारलं, की हा सामानात धरायचा की प्रवाशांत. डोंगर म्हणाला, मी मयताबरोबर आहे. अंमलदाराने टोपी काढून वाट दिली. डोंगर समुद्रात उतरला, पाणी त्याच्या गुडघ्यांच्या वर आलं तसे दोन्ही झेंडे वाहून गेले. वकील आपापल्या लाँचमधून मागे येत होते आणि एकमेकांच्या पुढे जायला बघत होते.

खाडीच्या तोंडाशी सगळं गाव उभं होतं. गावच्या वडीलधाऱ्या हाशिमचाचांनी डोंगराकडे वर बघत मला विचारलं, "हे कोण?"

"भाईच्या कामावरचे."

"बरं," असं म्हणून त्यांनी रांगेत जागा करायला सांगितलं. अम्मा दारात उभी होती. तिने पेटी पाहिली, मग डोंगर पाहिला आणि त्याला म्हणाली, "लांबून आलास बाबा."

भाईला खाली उतरवल्यावर सगळ्यांनी तीन तीन मुठी माती टाकली. मग डोंगराची पाळी आली. डोंगराची मूठ म्हणजे डोंगरच. पहिल्या मुठीत त्याचे खांदे गेले, दुसऱ्या मुठीत तांब्याचं पोट, आणि तिसऱ्या मुठीत जो उरला होता तो गेला. धूळ बसली तेव्हा तो कुठे दिसला नाही. कबर मात्र ताडांच्या वर गेली होती.

दोन्ही वकील धापा टाकत वर आले आणि खणायची परवानगी कोण देतो, असं विचारू लागले. हाशिमचाचा म्हणाले, कबर कोणी खणत नाही.

"पण कबर कुठपर्यंत आहे?" उन्हातल्यांनी विचारलं.

"दिसते तिथपर्यंत."

मग चाचांनी त्यांना सांगितलं, की मयताला आलात, तर माती टाका. उन्हातल्यांनी तीन मुठी टाकल्या. ते बघून सावलीतल्यांनी मुठी जरा मोठ्या भरल्या. उन्हातल्यांनी लाँचवरून फावडी मागवली. आपण कमी पडलो असं दोघांनाही वाटू द्यायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कबर आणखी थोडी उंच झाली आणि दोघेही समाधानाने निघून गेले.

लोक घरी गेल्यावर मी उशाशी लावायचा दगड खांद्यावर घेतला आणि वर चढू लागलो. माथ्यावर वारा होता. भाईची एक आणि डोंगराची एक अशा दोन कबरी असत्या तर दोन दगड लागले असते. मी एकच रोवला, भोवती पाय आपटून माती घट्ट केली आणि खाली उतरलो.