रथात अशुभ बोलल्याची हकीकत

श्री. जीवर चारही चाके टेकली असता रथ म्हणावा आणि न टेकली असता देवाचे नाव घ्यावे, त्या धरित्रीस साष्टांग दंडवत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मासी, गौरी बोळवून घरोघरीच्या बायका पाय चेपीत बसल्या होत्या, ते समयी मोटारी करणारे एक राज्य होते, त्या राज्याने परमुलखी रथ धाडिला आणि त्या रथात जे बोलू नये ते बोलले गेले, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

राज्य सुखी होते. मोटारी कुटुंबवत्सल होत्या. मागे सासूसासरे, मध्ये पोरे, डिकीत दळण, ऐसा रथ. हॉर्न मात्र खणखणीत. परंतु एके मेजवानीत परमुलखीचे कोणी धनी हसून बोलिले की, "तुमचा रथ मंडईत जावयास उत्तम." हे ऐकून आमच्या धन्यांच्या घशात जिलबी अडकली, आणि ती खाली उतरताच त्यांनी भरसभेत शपथ वाहिली की, "यंदा आपला रथ रॅलीस जाईल आणि शेवटच्या वेशीत आपल्या चाकांनी शिरेल. न शिरला तर मोहीमखाते मोडून समस्तांस सीटकव्हर शिवावयास बसवीन." मग सभा उभी राहिली आणि जयजयकार जाहला, आणि जयजयकार सरल्यावर एकाने हळूच पुसले की रॅली म्हणजे काय.

तर उत्तरेकडे एक मुलूख आहे. तेथे दगड फार, झाडे फार, माणूस थोडा. तेथे देशोदेशींचे रथ जमून खडीच्या वाटांवर धावतात. रथात दोघे असतात. सारथी हाकितो, आणि शेजारी बसलेला वाटाड्या पुढचे वळण मोठ्याने आधीच सांगतो. कारण सारथ्याच्या दृष्टीस पडेतो वळण मागे गेलेले असते, किंवा रथ वळणात गेलेला असतो. राज्याचे सारथी विक्रांतराव ढमढेरे, मोठे शूर. त्यांस भय म्हणून ठाऊक नव्हते, आणि त्याचमुळे त्यांच्याजवळ वाटाड्या टिकत नव्हता. एक मौनात गेला. एक कोकणात गेला.

त्या राज्यात मैथिलीबाई करंदीकर म्हणून मोटारींच्या सीटचे पट्टे तपासणाऱ्या खात्यात होत्या. शिकलेल्या, वयाने तरुण, पदरी ओवी नावाची दोन वर्षांची कन्या. कन्या झाल्यापासून बाईंस जगात टोकदार वस्तू किती आहेत हे समजले होते. एके दिवशी विक्रांतरावांनी त्यांस वाटेत रथात घेतले, आणि बाई बसल्या क्षणापासून बोलू लागल्या: "तो कुत्रा निघेल. त्या रिक्षाचं दार उघडेल. भिंतीपलीकडून चेंडू येतोय, मागून पोर येईल. त्या बसपासून लांब घ्या, तिसऱ्या खिडकीतला थुंकणार." आणि कुत्रा निघाला, दार उघडले, चेंडू आला, पोर आले, आणि तिसऱ्या खिडकीतला थुंकला. विक्रांतरावांनी रथ थांबवून हात जोडिले की, "ताई, तुम्ही भिंतीपलीकडचं बघता. मोहिमेवर चला." बाई म्हणाल्या, "छे, छे, लेकरू लहान आहे." परंतु घरी जाऊन विचार केला की हा माणूस एकटा सोडण्यासारखा नाही. मग यजमान अनिकेतराव यांस ताप मोजण्यापासून वरणाच्या शिट्यांपर्यंत सर्व समजावून, ओवीची पापी घेऊन, "आई धडधाकट परत येणार" असे वचन देऊन निघाल्या. मग विमानाने परमुलखी उतरल्या.

मोहिमेबरोबर धन्यांनी शुभनवीस भास्करपंत देव्हारे यांस पाठविले होते. पंतांचे काम राज्यात काहीही झाले असता ते चांगले झाले असे कळविणे. बाईंनी विक्रांतरावांसह वाट हळूहळू फिरून पाहिली आणि खड्डा, दगड, दरी, घसरण सर्व टिपून आणिले. पंतांनी ते वाचिले आणि त्यांस घाम फुटला. म्हणाले, "बाई, हे काय लिहिलंत? रथ म्हणजे वास्तूच की. वास्तुपुरुष आत बसलेला असतो आणि माणूस जे बोलेल त्यावर तथास्तु म्हणतो. तुम्ही दरी म्हणालात आणि तो तथास्तु म्हणाला, मग?"

बाई म्हणाल्या, "पण पंत, तिथे दरी आहे."

"असेल! म्हणून बोलायची?"

"मग सांगू कसं?"

"त्याची सोय करू. शिवाय तुमचं बोलणं वायरलेसवरून थेट राजधानीत ऐकू जाणार. धनी ऐकणार, गिऱ्हाईक ऐकणार. आपल्या मोटारीत बसून कोणी 'मेलो' म्हणू नये."

आणि पंतांनी धन्यांच्या शिक्क्याने आज्ञा केली की रथात अशुभ उच्चारू नये. उच्चारील त्यास दरबारात जाब द्यावा लागेल. खड्ड्यास भूमातेची ओंजळ म्हणावे. दगडास स्थैर्य म्हणावे. दरीस विशाल दर्शन म्हणावे. घसरणीस सुलभ प्रगती. 'हळू' हा शब्द राज्यातून उठविला. विक्रांतराव गालातल्या गालात हसून बोलिले, "शुभ बोल रे नाऱ्या!" बाई हसल्या नाहीत. त्यांस विशाल दर्शन दिसत होते.

मग रथाची पूजा जाहली. नारळ वाढविला, चाकांखाली लिंबे ठेविली, आणि परमुलखीच्या पंचांनी लिंबू हाती घेऊन वास घेतला आणि हे इंधन आहे काय म्हणून पुसले. मग निशाण पडले आणि रथ सुटला आणि मागे खडी ऐसी उडाली की पंतांचा फेटा राखाडी जाहला.

पहिले दिवशी बाईंनी आज्ञा पाळिली. म्हणाल्या, "पुढे उजवीकडे, भूमातेची ओंजळ!" विक्रांतराव म्हणाले, "वा!" आणि ओंजळीत गेले. हेल्मेट छतास लागले. "ताई, ओंजळ केवढी ते सांगा की!" "भरपूर! आता डावीकडे स्थैर्य!" "कसलं?" तोंवर स्थैर्य बंपरास भेटले. मग बाईंनी "सुलभ प्रगती, सुलभ प्रगती!" असा आक्रोश केला, त्यास उत्तेजन समजून विक्रांतरावांनी पाय दाबिला, आणि रथ वाट सोडून एका धनगराच्या वाड्यात शिरला आणि मेंढरांमध्ये उभा राहिला. एक मेंढी खिडकीतून आत पाहू लागली. रथ कसाबसा छावणीस आला तेव्हा एका बाजूचे दार दोरीने बांधिले होते. पंतांनी धन्यांस कळविले की, "आज रथाने ग्रामीण जनतेशी संवाद साधिला."

बाईंनी छावणीत बसून घरी फोन लाविला. पडद्यावर ओवी दिसली, ती खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीच्या कट्ट्यावर चढत होती, आणि अनिकेतराव भाताचा घास घेऊन प्रेमाने म्हणत होते, "शोना, आपण खाली येऊया का? खाली किती छान आहे ना?" कन्या ऐकेना. बाई सात समुद्रांपलीकडून कडाडल्या, "ओवी! पाय काढ! पडशील! खाली, आत्ता!" आणि कन्या तत्काळ खाली, आणि मागे वंगण पुशीत उभे असलेले विक्रांतराव ताठ, आणि छावणीतले दोन परमुलखी कारागीर, ज्यांस मराठीचे अक्षर येत नव्हते, तेही शिडीवरून उतरले.

विक्रांतराव जवळ येऊन बोलिले, "ताई, मला हे असं सांगा."

"पंतांनी मनाई केलीय. दरबारात उभं करतील."

"उभं राहायला आधी जिवंत परत जावं लागेल," विक्रांतराव म्हणाले. शूर माणूस, पण त्याने जाऊन दाराच्या दोरीस आणखी एक गाठ मारिली.

शेवटल्या दिवशी वाट एका सरोवरावरच्या कड्याकडेने होती आणि धुके ऐसे पडिले की रथाचे नाक रथास दिसेना. बाईंनी आरंभी शब्द सांभाळिले. परंतु पुढचे वळण आले, आणि त्यांस ठाऊक होते की तेथे डावीकडे काहीच नाही, नुसते खाली आहे. तोंडात विशाल दर्शन आले आणि दातांशी अडले. डोळ्यांपुढे ओवी आली. आणि मग बाई सुटल्या त्या सुटल्याच. "उजवीकडे! उजवीकडे घे म्हणते ना! दरी आहे दरी, डावीकडे बघूसुद्धा नकोस! ब्रेक! दगड! त्याच्या आतून! खड्डा आहे, खोल आहे, मांडीएवढा, कडेनं जा! हळू! हळू म्हटलं की हळू!" विक्रांतराव म्हणत, "हो ताई. बरं ताई." आणि रथ लोण्यातून सुरी जावी तैसा जाऊ लागला.

वायरलेसवर पंत ओरडले, "बाई! शब्द! वास्तुपुरुष ऐकतोय!"

"ऐकू दे! त्यालाही सांगते, घट्ट धरून बस! आणि पंत, मध्ये बोलू नका, त्याचं लक्ष जातं!"

राजधानीत धनी दरबार भरवून मोठ्या पडद्यावर पाहत होते. बाईंनी "कोपर आत!" म्हणताच धन्यांनी सिंहासनाच्या बाहेरले कोपर आत घेतले. "सरळ बस!" म्हणताच अवघा दरबार सरळ बसला. पाणी वाटणारा जागीच थांबला. वाटेत इतर राज्यांचे दोन रथ झाडांस टेकले होते. बाईंनी तेथेही थांबवून, "मान हलवू नका, आधी पट्टा सोडा, काचेवर पाय नको," असे बजावून माणसे बाहेर काढविली आणि मगच निघाल्या. विक्रांतराव म्हणाले, "वेळ जातोय ताई." बाई म्हणाल्या, "वेळ जाऊ दे." येणेप्रमाणे रथ शेवटच्या वेशीत आपल्या चाकांनी शिरला. आधी पोहोचलेले पुष्कळ होते. मागून आलेला कोणी नव्हता. बाई उतरल्या, पाय धडपणे जमिनीस लागल्याचे पाहिले, आणि मग त्यांस रडू आले.

राजधानीस परतताच बाईंस घरी जाऊ न देता दरबारात नेले. पंतांनी फिर्याद मांडिली की, "रथ वाचला हे थोर नशीब. परंतु बाईंनी दरी म्हटले, वास्तुपुरुषाने तथास्तु म्हटले. आज्ञा मोडली ती मोडलीच."

धनी म्हणाले, "बाई, जाब द्या."

बाई पुढे जाहल्या. बोलल्या, "महाराज, तो तथास्तु म्हणाला असेल. पण दरी आधीपासून होती. तिला माझी परवानगी नको होती. माझं लेकरू घरी वाट बघतंय, मला परत यायचं होतं, म्हणून मी बोलले. विक्रांतरावांनाही आई आहे."

धन्यांनी विचार केला, आणि तो बराच वेळ चालला, कारण सवय नव्हती. मग त्यांनी आज्ञा उठविली आणि सावकाश पुसले, "बाई, आमच्या दरबारात काही दिसतं का?"

बाई म्हणाल्या, "खरं सांगू?"

पंत म्हणाले, "नको."

धनी म्हणाले, "सांगा."

बाईंनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "ते झुंबर एकाच कडीवर आहे, आणि कडी वाकलीय. पंत त्याच्या बरोबर खाली उभे आहेत." पंत शुभ चेहरा ठेवून जागीच राहिले. बाई कडाडल्या, "पंत! बाजूला व्हा!" आणि पंत ऐसे उडाले की मोहिमेत रथही तैसा उडाला नव्हता.

झुंबर पडले नाही. बाई ओवी दुपारी निजण्याआधी घरी पोहोचल्या.

तात्पर्य, मोहिमेत नंबर शेवटचा, माणसे सर्व घरी. राज्यात आता खड्ड्यास खड्डा म्हणतात. झुंबर अद्याप लटकते आहे, आणि त्याखालून जाताना धनीसुद्धा वळसा घेतात. इतकेच खरे, बाकी पंतांस विचारावे.