चाळीस नळ्या चमकल्या

अक्षरं मी साठीत शिकलो, पण आमच्या लॅबमध्ये माझ्याइतक्या काळजीनं नावं कोणी वाचत नाही, हे छातीठोकपणे सांगतो. रक्ताच्या नळ्या नाव वाचून यंत्रात लावणं, हे माझं काम. एकही नाव सुटू नये म्हणून मी युक्ती काढली. नाव वाचलं की नळीवर हायलायटरनं पिवळी रेघ!

यंत्र नवं होतं. रक्तात एक औषध घालायचं. विषाणू असला तर ते त्याला चिकटतं आणि लेझर पडला की चमकतं. त्या दिवशी आमच्या हिचीही नळी होती. आठ दिवस ताप येऊन गेलेला. तिकडे मुलीला बाळ झालेलं आणि रिपोर्ट साफ आल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरी ही जायची पिशवी भरून दाराशी बसली होती.

यंत्र सुरू झालं आणि काजव्यांचं संमेलन भरलं! बेचाळीसपैकी चाळीस जणांना लागण. सगळ्यांत लख्ख नळी हिची. चाचरत फोनवर हिला सांगितलं. पलीकडून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज तेवढा आला.

आमच्या लॅबच्या मॅडम थंड डोक्याच्या. न चमकलेल्या दोन नळ्या हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काका, या दोघांत वेगळं काय आहे?"

मी मान खाली घातली. "नावांत जोडाक्षरं आहेत. मला वाचता आली नाहीत. म्हणून रेघ ओढली नाही."

मॅडमनी एका नळीत नुसतं पाणी भरलं, तिच्यावर रेघ ओढली आणि ती यंत्रात ठेवली. पाण्यालाही लागण झाली!

मग चाळीस नळ्या मी स्पिरिटनं घासूनपुसून पुन्हा लावल्या. ही साफ निघाली. लगेच फोन केला, सगळा गोंधळ कबूल केला.

"पण माझीच नळी जास्त का चमकली?"

"तुझं नाव छापलेलं पहिल्यांदाच वाचलं मी. चार रेघा ओढल्या."

वाटलं, ही आता विरघळणार.

"अहो," ही म्हणाली, "नाव नीट वाचलंत ना? की साफ निघाली ती दुसरीच कोणी?"

फोन तसाच धरून मी नळीपाशी गेलो. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. हिचंच होतं. तरी म्हटलं, एकदा मॅडमकडून वाचून घ्यावं.