डोकी बरोबर अठ्ठावीस

आधीच सांगून टाकतो, माझी मोजणी चुकली नव्हती. चिपळूण डेपोत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. कुंभार्ली घाटाच्या किती खेपा केल्या त्याचा हिशोब मीसुद्धा ठेवलेला नाही, पण गाडीतली डोकी मोजताना माझं बोट एकदाही अडखळलं नाही. धुकं असो, लग्नसराई असो, टपावर कोंबड्यांची खुराडी असोत, आकडा म्हणजे आकडा. तेव्हा कोलोराडोच्या खिंडीत जे झालं त्याबद्दल आमचा सिद्धेश, सूनबाई आणि ट्रॉयमधली अर्धी मराठी मंडळी जे सांगत फिरतायत, ते कृपा करून मनातून काढून टाका.

मुलगा सिद्धेश नोकरीसाठी इकडे अमेरिकेत ट्रॉयला असतो. आम्ही दोघं नवराबायको सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आलोय. इकडच्या चार-पाच महाराष्ट्र मंडळांनी मिळून आमच्यासारख्या पाहुण्या आईबापांसाठी एक सहल काढली होती. कोलोराडोतले उंच घाट, बसमधून, चार दिवस. दोन बस, दोन्ही पांढऱ्या, प्रत्येकीत अठ्ठावीस माणसं. वर थंडी असते म्हणून मंडळाने सगळ्यांना टोपीवाली नारिंगी जॅकेटं वाटली. ती घालून आम्ही छप्पन्न जण रांगेत उभे राहिलो तेव्हा एका अमेरिकन बाईने आम्हाला रस्तादुरुस्तीचे कामगार समजून रस्ता कधी सुरू होणार म्हणून विचारलं.

सहलीला यायला आमची पद्मजा एका अटीवर तयार झाली.

"बत्तीस वर्षं सगळ्या जगाला घाट दाखवलात," ती म्हणाली. "मला कधी शेजारी बसून दाखवलात? या गाडीत तुम्ही पॅसेंजर. मी खिडकीत, तुम्ही माझ्या शेजारी. उठायचं नाही."

"नाही उठत."

"शपथ घ्या."

घेतली. आणि खोटी नाही घेतली. बाईचं म्हणणं खरंच होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला माहेरी सोडली तीसुद्धा माझ्या ड्यूटीच्या गाडीतून. ती तिसऱ्या बाकावर आणि मी दारात तिकिटं फाडत. मलाही एकदा तिच्या शेजारी बसायचंच होतं, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही.

पहिला अर्धा तास मी देवळात बसावं तसा बसलो. पद्मजा खिडकीतून एकेक दाखवत होती आणि मी "वा वा" म्हणत होतो. मग वळणं सुरू झाली. ड्रायव्हर लॉरेटा नावाची साठीची दणकट बाई होती. हात पक्का, ब्रेकला पाय हलका. कुठल्याही डेपोत मान मिळाला असता. पण मागे चार काका फोटो काढायला मधल्या वाटेत उभे राहिले, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ओ, वळण आहे, बसून घ्या!"

चौघंही मटकन बसले. पद्मजाने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"मी बसूनच बोललो," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी शेवटच्या सीटवरच्या अनया मावशींना गाडी लागली. आता तुम्हीच सांगा, मागच्या चाकावर बसलेल्या माणसाला घाटात गाडी लागणारच. मंडळाची राधिका, तीस-बत्तीसची गुणी मुलगी, डेन्व्हरला कुठल्यातरी आयटी कंपनीत आहे, ती बिचारी मावशींना मोबाइलवर खोल श्वासाचे व्हिडिओ दाखवत होती. हे बघत गप्प बसणं मला जमणार होतं का? उठलो. मावशींना पुढच्या सीटवर आणलं, काच उघडली, तोंडात आवळा सुपारी घातली. पाच मिनिटांत मावशी गप्पा मारायला लागल्या. सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या. एकीने नाही वाजवल्या.

"झालं?" मी परत बसल्यावर पद्मजा म्हणाली.

"माणुसकी म्हणून उठलो."

"माणुसकी मला दिसली. तुम्ही लॉरेटाला हात करून 'चला' म्हणालात तेही दिसलं."

बारा हजार फुटांवर खिंड लागली. जुलै महिन्यात रस्त्याच्या कडेला बर्फ! दोन्ही बस एकीमागे एक थांबल्या. वीस मिनिटांचा थांबा होता. तिथे एक मोठी पाटी आहे. तिच्या या अंगाचं पाणी एका समुद्राला जातं आणि त्या अंगाचं दुसऱ्याला, असं राधिकाने सांगितलं. सांगता सांगताच तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती पहिल्या सीटवर आडवी झाली. विरळ हवा तिलाच बाधली होती.

"काका, माझं डोकं गरगरतंय यार," ती म्हणाली. "ही लिस्ट घ्या. निघताना प्रत्येकाचं नाव वाचा आणि टिक करा. प्लीज, नावं वाचा हं."

कागद हातात आला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. पद्मजा खालीच उभी होती. तिच्याबरोबर दुसऱ्या बसमधल्या सुलेखाताई होत्या. बाथरूमच्या रांगेत दोघींची ओळख झाली होती आणि एवढ्यात मैत्रीही.

"अहो, चला," पद्मजा म्हणाली. "त्या पाटीपाशी दोघांचा फोटो काढू. सुलेखाताई काढतायत."

"तू हो पुढे. मी डोकी मोजून आलोच."

"बसलेली माणसं मागाहून मोजा. उभी असलेली बायको आधी."

"आलोच म्हटलं ना."

तिने माझ्याकडे बघितलं आणि सुलेखाताईंबरोबर चालायला लागली. तिचा मोबाइल माझ्याच खिशात होता.

आता कामाचं सांगतो. नावं वाचून टिक करणं हे शाळेतल्या मास्तरांचं काम. कंडक्टर नावं मोजत नाही, डोकी मोजतो. वारा झोंबायला लागल्यावर मंडळी पटापट वर चढली, टोप्या ओढून गुरफटून बसली. मी दारापासून मागपर्यंत बोट फिरवत गेलो आणि मागून दारापर्यंत परत आलो. माझी रिकामी सीट धरून अठ्ठावीस. दोन्ही वेळा अठ्ठावीस! आमच्या सीटच्या खिडकीत नारिंगी टोपी बाहेर तोंड करून बसलेली होती. रुसलीय, असं मनात म्हटलं, आणि ते डोकंही धरलं.

मग लॉरेटाला समजावलं, "मॅडम, वन टाइम, स्टॉप. टू टाइम्स, गो."

दोरीची घंटा नव्हती, म्हणून दाराजवळच्या पत्र्यावर मुठीने दोनदा मारलं. लॉरेटा एवढी खूश झाली की तिने हॉर्न वाजवूनच गाडी काढली. बत्तीस वर्षांत माझ्या डबल बेलला एवढा मान कुणी दिला नव्हता. मग मी दारातच उभा राहिलो, आणि माझ्या इंग्रजीत तिला कुंभार्ली घाट सांगितला. तिला किती कळला माहीत नाही, पण प्रत्येक वळणावर ती "नो वे" म्हणत होती.

वीस मिनिटांनी शपथ आठवली.

सीटवर जाऊन बसलो. टोपी खिडकीकडेच तोंड करून होती, हलली नाही. मी खाकरलो. काही नाही. हळूच म्हणालो, "रागावलीस?" काही नाही. पद्मजा भांडते तेव्हा मी घाबरत नाही. ती गप्प बसते तेव्हा मात्र माझं काही खरं नसतं. शेवटी आजूबाजूची माणसं झोपलीत असं बघून मी त्या टोपीच्या जवळ वाकलो.

"चुकलं माझं," म्हणालो. "शेजारी बसतो म्हणालो आणि पुन्हा दारातच जाऊन उभा राहिलो. खरं सांगू? मला नुसतं बसता येत नाही. दारात उभा असलो की मी कुणीतरी असतो. रिटायर झाल्यावर घरात तुझ्यासमोर बसायची मला भीती वाटायची. बोलायचं काय? तू माहेरी निघाली होतीस ना, तेव्हा घाटाच्या पायथ्याला पोफळीला तुझ्या शेजारची बाई उतरली. तू तुझी पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी ते बघितलं होतं गं. अख्खा घाट ती जागा रिकामी होती. मी आलो नाही. का आलो नाही ते आज सांगतो..."

टोपी वळली. आत दाढी होती.

"बाप्पा," दाढी म्हणाली, "हे मले कायले सांगून राहिले?"

मी सीटवरून ताडकन उठलो. म्हणालो, "तुम्ही कोण?"

"श्रीराम. नागपूरचा. पोरगा इकडं अल्फारेटा गावाले असते. थंडी वाजून राहिली होती, जे दार उघडं दिसलं त्यात चढलो. का जी, ही दोन नंबरची गाडी नाही का?"

"ही एक नंबरची! माझी बायको कुठाय?"

"अन् माझी?" श्रीरामभाऊ म्हणाले, पण त्यांच्या आवाजात मला काळजी काही आढळली नाही.

मी धावत पुढे गेलो आणि पत्र्यावर एकदा मूठ हाणली. मी शिकवल्याप्रमाणे लॉरेटाने जागच्या जागी ब्रेक मारला. सगळी माणसं पुढच्या सीटवर आदळली, राधिका सीटवरून खाली आली. माझं इंग्रजी त्या क्षणी पार संपलं. "माय वाइफ, टॉप," एवढंच मी वर बोट करून सांगत होतो. लॉरेटाने हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. बाई वर गेली असं तिला वाटलं!

राधिकाने घोटाळा निस्तरला. मोबाइलला रेंज नव्हती, अरुंद घाटात बस वळवता येत नव्हती, आणि मागून दुसरी बस येणारच होती. खालच्या गावात थांबून वाट बघण्यापलीकडे इलाज नव्हता.

"काका, लिस्ट वाचली होतीत ना?" तिने विचारलं.

"डोकी अठ्ठावीस होती," मी म्हणालो. आजही तेच म्हणतो.

खालच्या गावात मी पाऊण तास रस्त्यावर उभा होतो. बर्फात उभी असलेली ती एकटी बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मोबाइल माझ्या खिशात, आणि वाट बघायची तिला सवय. या वेळी तिने वाट बघणं सोडून दिलं असेल तर? येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला मी हात करत होतो, सांगायला लाज कसली.

दुसरी बस आली. दार उघडलं. पहिल्याच सीटवर पद्मजा आणि सुलेखाताई, मांडीवर चिवड्याचा डबा, दोघी हसून हसून लाल. दुसऱ्या बसची यादी सांभाळणाऱ्या मंडळाच्या अनीशने खिंडीतच नावं वाचली होती. श्रीराम गायब आणि पद्मजा जास्त, हे त्याला दोन मिनिटांत कळलं होतं.

"चल," मी म्हणालो. "तुझी सीट ठेवलीय."

"कुणाच्या शेजारची?" पद्मजा म्हणाली. "इथे माझ्या शेजारी माणूस आहे. वाटेत हरणंसुद्धा दिसली."

मी सुलेखाताईंकडे बघितलं. "ताई, तुमचे मिस्टर आमच्या गाडीत..."

"राहू द्या त्यांना तिकडेच," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं घोरणं ऐकलंय मी. दोन तास तुम्ही ऐका."

तेवढ्यात श्रीरामभाऊ मागून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, यायनं तुमची लय माफी मागितली. मलेच मागितली, पण तुमच्यासाठी होती." आणि त्या गृहस्थाने पोफळी, पिशवी, रिकामी जागा, सगळं जसंच्या तसं सांगितलं. दोन्ही गाड्यांतली माणसं कान देऊन ऐकत होती. "फक्त कामून नाही आले, ते सांगाचं राहिलं," त्यांनी शेवट केला.

पद्मजाने चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मग राहिलेलंही त्यांनाच सांगा."

उरलेले दोन तास मी श्रीरामभाऊंच्या शेजारी बसलो. पहिला तास ते माझ्या खांद्यावर घोरले. जाग आल्यावर डोळे चोळत म्हणाले, "हं मास्तर, कामून नाही आले?"

कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. म्हणालो, "लाजलो हो. नवीन लग्न. बायकोच्या शेजारी बसलो तर डेपोतली पोरं चिडवतील, एवढंच. पुढे सवयच झाली. मग एवढ्या उशिरा जाऊन बसायचं कसं, याचीच लाज वाटायला लागली."

"एवढंच?" म्हणून ते पुन्हा झोपले.

मुक्कामाला पोचल्यावर मी उतरायच्या आत श्रीरामभाऊ टुणकन उतरले आणि तडक पद्मजाकडे गेले. मी लांबून बघत होतो. ते हातवारे करून सांगत होते, ती मान हलवत होती. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुमचे कान लाल झाले होते."

"मग उद्या माझ्या शेजारी बसशील ना?"

"छे," पद्मजा म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्याशी बोलला नाहीत एवढं आज त्यांच्याशी बोललात. तिथेच बसा. अजून काय काय राहिलंय ते सांगून टाका. मला संध्याकाळी श्रीरामभाऊ सांगतील."

पुढचे तिन्ही दिवस मी श्रीरामभाऊंच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. खिडकी त्यांनी एकदाही दिली नाही.