प्रोजेक्टरच्या काचेला कुंकू

शेवंताबाईंच्या घरात नारळ फुटल्याशिवाय साधा मिक्सरसुद्धा कधी फिरला नव्हता! आणि सूनबाईंनी, तेजश्रीने, चार माणसांनी उचलायचा लेझर प्रोजेक्टर कार्यक्रमांना भाड्याने द्यायला रबाळ्याच्या आपल्या गाळ्यात आणला, तो सरळ प्लग लावून चालूच केला!

"नारळ कुठाय गं?"

"आई, नाजूक मशीन आहे. धूळपण चालत नाही त्याला. तुम्ही हात लावू नका हं."

हात लावू नका! कोपरखैरण्यात तीस वर्षं संसार ओढलेल्या बाईला! शेवंताबाईंचं डोकं भाकरीच्या तव्यासारखं तापलं. तेजश्री मशीन बंद करून टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेली, तशी बाईंनी कुंकवाची डबी उघडली. आता यंत्राला कपाळ कुठलं? पुढचं झाकण काढलं तर आत वाटीएवढी काच. तिथंच चांगलं बोटभर कुंकू दाबलं, झाकण परत लावलं. "घे बाई, तुला तरी कुणी माणसात घेतलं!"

संध्याकाळी वाशीच्या हॉलात कमळाकरशेठ बिल्डरच्या नव्या टॉवरचा सोहळा. आज चित्र नीट पडलं, तर शेठचे वर्षभराचे सगळे कार्यक्रम तेजश्रीला. नाही तर राम म्हणा! शेवंताबाई पहिल्या रांगेत, नाक वर करून.

हॉलातले दिवे मालवले. पडद्यावर तीस मजली पांढराशुभ्र टॉवर उभा राहिला आणि बाराव्या मजल्यापासून वर तांबडालाल धूर!

"पेटला!" मागून कुणीतरी बोंबललं. त्यातच काचेवरचं कुंकू करपल्याचा वास सुटला. मग काय विचारता! फ्लॅट बुक करायला आलेली माणसं चपला विसरून दाराकडे पळाली. वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन मशीनवर धावला. तेजश्री आडवी आली, "मारू नका! मशीन मेलं तर मीपण मेले!"

"उचला हे भंगार!" कमळाकरशेठ किंचाळले. "उद्यापासून दुसरा माणूस!"

"भंगार कुणाला म्हनता ओ?" शेवंताबाई उसळल्या. "तुमच्या बिल्डिंगीतच खोट असंल!"

तेजश्रीने मशीन बंद केलं, काचेवर टॉर्च मारला. मग सासूकडे बघितलं. डोळ्यांत टचकन पाणी.

ते पाणी बघून बाईंना आणखीनच राग आला, या खेपेला स्वतःचा. पण स्वतःवर ओरडायची सवय कुठली! त्या शेठवरच ओरडल्या, "कुंकू म्या लावलंय! पोरीचा काय दोष? हाकलायचं तर मला हाकला!"

शेठ दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात तेजश्रीने काच निववून, मऊ फडक्याने पुसून घेतली. टॉवर पुन्हा दुधासारखा पांढरा! निम्मी माणसं परत आली. काही चित्रासाठी, बाकीची बटाटेवड्यासाठी.

दुसऱ्या दिवशी शेठचा कागद आला. तेजश्रीने वाचून दाखवला: वर्षभराचं काम पक्कं. अट एकच, सासूला आणू नये.

"माजं नाव लिवलंय त्यात?"

"नाही आई. नुसतं 'सासू'."

आता मात्र शेवंताबाई खरोखर भडकल्या. "मेला! आख्खा हॉल रिकामा केला म्या, आन् नावसुदिक न्हाई?"