आवळीभोजन आणि सांबराने खाल्लेली पत्रिका

एका जंगलात, बाळांनो, सगळं ठरवून होत असे. आणि हे ठरवण्याचं काम एका खवले मांजराकडे होतं. त्याला सगळे खवलोबा म्हणत. बेत जमला की खवलोबा खूश. बेत बिघडला की तो अंगाची गुंडाळी करून चेंडूसारखा पडून राही. मग त्याला कितीही हाका मारा.

कार्तिक महिन्यात जंगलाचं आवळीभोजन असे. ओढा ओलांडून टेकडीवर जायचं आणि मोठ्या आवळ्याखाली पंगत मांडायची. त्या दिवशी सिंहमहाराजसुद्धा वरणभात खात. बाकीचे दिवस ते काय खात, हे आपण या गोष्टीत काढायचं नाही.

सगळे पंगतीला पोहोचत. एक कासवआजोबा सोडून. बिचारे उत्साहाने निघत आणि ओढ्यापर्यंत येत, तोवर मंडळी ढेकर देत परत येताना भेटत. मग कोणीतरी त्यांच्या हातावर चार आवळे ठेवी. आजोबा म्हणत, "छान आहेत हो." बारा वर्षं आजोबांनी नुसते आवळे खाल्ले.

खवलोबाला हे फार लागत असे. लहानपणी आजोबांनीच त्याला पाठीवर घेऊन ओढा दाखवला होता. त्याने शब्द दिला, "आजोबा, यंदा तुम्ही पंगतीत बसणार. बेत माझा आहे."

बेत साधा होता. सांबराच्या पाठीवर वरणभाताची पातेली असणार होती. त्याने वाटेत आजोबांच्या दारी थांबायचं, त्यांनाही पाठीवर घ्यायचं आणि थेट टेकडी गाठायची. खवलोबाने हे सगळं मिनिटामिनिटासह पत्रिकेत लिहिलं. पत्रिका कसल्या, पिंपळाची कोवळी पानं. प्रत्येकाला एकेक वाटली.

आता खवलोबाचं खाणं म्हणजे मुंग्या. पान ही खायची वस्तू आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सांबराने पत्रिका घेतली, हुंगली आणि खाल्ली. वाचायची राहिलीच.

आवळीभोजनाच्या दिवशी आजोबा दारात नटूनथटून बसले. सांबर समोरून निघून गेलं. "असेल काही काम," असं म्हणून आजोबा पायीच निघाले.

सांबर ओढ्यावर पोहोचलं. पुढे दोन वाटा होत्या. ते थांबलं. त्याच्यामागे सगळं जंगल थांबलं.

"पत्रिका काय म्हणते?" खवलोबाने धापा टाकत विचारलं.

"चांगली होती," सांबर म्हणालं.

एवढं बोलून ते पाणी प्यायला वाकलं. पातेली घसरली. भात खडकावर सांडला आणि वरण खडकातल्या खळग्यात गेलं.

खवलोबाने एकदा वरणाकडे पाहिलं आणि गुंडाळी केली. बेत गेला. शब्दही गेला.

सगळे महाराजांकडे बघू लागले. महाराजांना भूक लागली होती. त्यांनी खडकावरचा भात खळग्यात बुडवला आणि तोंडात टाकला. तेवढ्यात एक खेकडा भातासाठी त्यांच्या मिशीला लोंबकळला. महाराजांना गुदगुल्या झाल्या. महाराज हसले! जंगलाने हे कधी ऐकलंच नव्हतं. आधी सगळे पळाले, मग परत येऊन हसले. मग जो तो खळग्याभोवती बसला. शेजारी कोण, हे कोणी पाहिलं नाही.

"उशीर झाला का रे मला?" मागून आवाज आला.

गुंडाळीतून एक डोळा बाहेर आला. दारात आजोबा. म्हणजे दार नव्हतं, पण आजोबा तसेच संकोचून उभे होते.

खवलोबा ताडकन उलगडला. "छे हो आजोबा! या, बसा. आत्ताच वाढलंय."

आजोबा पंगतीत बसले. तिसऱ्यांदा भात घेतला. खवलोबाला इतका आनंद झाला, की बेत बिघडल्याचं दुःख करायचं तो विसरूनच गेला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण महाराजांना मजा आली होती, आणि महाराजांना मजा आली की समिती नेमावी लागते.

कोल्हेसाहेब अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षीची पत्रिका रुईच्या पानावर निघाली, कारण ती कोणी खात नाही. अकरा वाजता सांबर वाट चुकेल. अकरा पाचला पातेली अचानक घसरतील. अकरा दहाला महाराज मनमोकळं हसतील. अकरा बाराला इतरांनी हसावं. अकरा चाळीसला आजोबांचं अनपेक्षित आगमन.

तो दिवस आला. सांबर तीनदा वाकलं, पण पातेली हलेनात. शेवटी कोल्हेसाहेबांनी ढकलली. खेकडा मिशीला बांधला होता. महाराज हसले. लोक पानात बघून हसले.

अकरा चाळीस झाले. आजोबा आले नाहीत.

"शिस्त नाही," कोल्हेसाहेब म्हणाले.

खवलोबाने ओल्या वाळूत पाहिलं. चार पावलांच्या खुणा ओढा ओलांडून टेकडीकडे गेल्या होत्या, आणि त्या ताज्या नव्हत्या. आपल्यासाठी मंडळींना खोळंबायला लागू नये, म्हणून आजोबा महिनाभर आधीच निघाले होते. थेट आवळ्याकडे.

खवलोबाने द्रोणात भात घेतला आणि तो टेकडी चढू लागला. वाटेत दोनदा पडला. द्रोण दोनदा सांडला, दोनदा भरला.

आवळ्याखाली आजोबा एकटेच बसले होते. "आलास? बाकीचे कुठेत?"

"खाली. त्यांना आनंद होतोय. एक वाजेपर्यंत आहे."

आजोबांनी द्रोणात पाहिलं. "अरे, भाताला मुंग्या लागल्यात की."

खवलोबाने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "भात तुमचा, मुंग्या माझ्या," तो म्हणाला.

आणि दोघं जेवायला बसले.

तात्पर्य: बेत फसला की आनंद होतो. म्हणून मुलांनो, बेत कधी फसणार याची समितीला आगाऊ सूचना द्यावी. न सांगता आनंदी झाल्याबद्दल एक कासव आणि एक खवले मांजर यांची गैरहजेरी लागलेली आहे.